मुंजीच्या डीव्हीडीची प्रत

(दृश्य: सदाशिव पेठेतील एका घरातले जेवणाचे टेबल. त्यावर लॅपटॉप, बाहेरून जोडलेला डीव्हीडी ड्राइव्ह आणि मऊ सुती कापड.)

प्लास्टिकच्या पाकिटातून काढलेल्या या चकतीवर निळ्या मार्करने 'मुंज, २००६' एवढेच लिहिलेले आहे. कार्यालयातल्या त्या दिवसाचे चित्रण घरात एवढ्या एकाच डीव्हीडीवर उरले असल्यामुळे, ती चालते आहे तोवर तिची प्रत काढून ठेवावी, असे आजींनी मनावर घेतले आणि नातवाला कामाला लावले.

दुकानात मिळणारी चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. घरच्या डीव्हीडीत मात्र रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेखन म्हणजे लेसरने त्या थरावर उमटवलेल्या खुणा. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा थर हळूहळू खराब होतो. याच शहरात, लॉ कॉलेज रस्त्यावर, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि तेथे फिल्मची रिळे तापमान व आर्द्रता नियंत्रित केलेल्या दालनांत जपली जातात. घरगुती चित्रणाच्या वाट्याला मात्र एप्रिलमध्ये तापणारे आणि जुलैमध्ये दमट वास धरणारे लोखंडी कपाट येते.

नव्या लॅपटॉपला बहुधा डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तर मिळू शकतो, त्यामुळे तेवढ्यासाठी जुना संगणक शोधत बसण्याचे कारण नाही.

(दृश्य: चकती पुसणारा हात, जवळून.)

चकती पुसताना कापड गोल फिरवायचे नाही, तर मध्यापासून कडेकडे सरळ न्यायचे. कारण माहितीची रेघ चकतीवर वर्तुळाकार जाते आणि तिच्याच दिशेने पडलेला ओरखडा सलग बराच मजकूर बुजवतो. शिवाय लेखन आतून बाहेर होत जाते. त्यामुळे भरलेल्या चकतीत समारंभाचा शेवट, म्हणजे या घरातली भिक्षावळ, नेमका त्या बाहेरच्या कडेला असतो जिथे बोटांचे ठसे सर्वाधिक पडतात.

आता चकतीच्या आत पाहू. 'व्हिडिओ-टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये तीन प्रकारच्या फाइली दिसतात. व्हीओबी फाइलींमध्ये चित्र व आवाज असतो, आयएफओमध्ये कोणता भाग कोठे सुरू होतो याची नोंद असते आणि बीयूपी ही त्या नोंदीची राखीव प्रत असते. एक व्हीओबी फाइल साधारण १ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून चित्रण मध्येच कोठेही तुटते. सर्वांत मोठी दिसणारी एकच फाइल पेनड्राइव्हवर ओढून घेणाऱ्यांची फसगत येथेच होते: मातृभोजनात आईने घास पुढे केलेला असतो आणि तेवढ्यात फाइल संपते.

म्हणून फाइली सुट्या न उचलता संपूर्ण चकतीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, तयार करणे अधिक शहाणपणाचे. विंडोजवर त्यासाठी इमगबर्न हा विनामूल्य प्रोग्राम चालतो. एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी सांगितली जात असली तरी विंडोज ती सुमारे ४.३८ जीबी दाखवते. यात काही हरवलेले नसते, फरक केवळ मोजण्याच्या पद्धतीचा असतो.

(दृश्य: ड्राइव्हचा आवाज बदलतो. पडद्यावरची हिरवी पट्टी थांबते.)

ड्राइव्ह मंदावला, पुन्हा वेगाने फिरला आणि परत मंदावला, तर एखादी जागा लेसरला वाचता येत नाही असे समजावे. नेहमीच्या पद्धतीने फाइल कॉपी करताना अशा ठिकाणी सगळे कामच बंद पडते. लिनक्स या विंडोजहून वेगळ्या संगणक प्रणालीवर चालणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम मात्र अवघड जागा सोडून पुढे जातो, आधी सहज वाचता येणारे सर्व पदरात पाडून घेतो, मग राहिलेल्या जागांकडे वळतो, आणि काय मिळाले व काय राहिले याची नोंद एका वेगळ्या फाइलीत ठेवतो. आज्ञा टंकून चालवायचा असल्यामुळे तो दिसायला रुक्ष आहे, पण ओरखडलेल्या चकतीसाठी अन्य कशाहीपेक्षा आधी त्याच्याकडे वळावे.

व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी लहान एमपी-४ फाइल हवी असते. ती हँडब्रेक या व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने नंतर या प्रतिमेवरूनच करावी. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र साधारणपणे ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते. ते फुगवून 'एचडी' केले म्हणून मुंजमुलाच्या चेहऱ्यावर नवा तपशील येत नाही. उलट हलत्या हातांभोवती दिसणाऱ्या आडव्या दातेरी रेघा घालवण्यासाठी 'डीइंटरलेस' हा पर्याय निवडणे अधिक उपयोगाचे.

तयार झालेली आयएसओ फाइल व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय काम झाले असे म्हणू नये. पाहताना आजी शेजारी असतील तर पंगतीत कोण कोण बसले आहे तेही लिहून घेता येते. मग एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या घरी, समजा कोथरूडच्या मावशीकडे, ठेवावी. मूळ चकती मात्र टाकून देऊ नये, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली जागा दुसरा ड्राइव्ह कधी कधी वाचतो आणि डीडीरेस्क्यूची ती नोंद जपलेली असेल, तर केवळ राहिलेले तुकडेच पुन्हा वाचावे लागतात.