चौदा महिन्यांचं बाळंतपण

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या किनाऱ्यावरून एखादी बोट निघाली आणि तिने नाक दक्षिणेलाच धरलं, तर मालदीव, विषुववृत्त, चागोस मागे टाकत सुमारे साडेसात हजार किलोमीटरवर तिला केर्गेलेन बेटं लागतील. आपल्याच हिंदी महासागराचं हे दुसरं टोक. तिथे झाड म्हणून औषधालाही नाही, वारा बारा महिने झोंबतो, आणि किनाऱ्यावर हजारोंनी उभे असतात राजा पेंग्विन, म्हणजे किंग पेंग्विन. आज त्यांच्या घरी जाऊ या.

पेंग्विन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. पण मुंबईत राणीच्या बागेत आपण पाहतो ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. अंटार्क्टिकाच्या बर्फावर अंडं घालणारा तो सम्राट पेंग्विन, राजाचा थोरला भाऊबंद. राजा पेंग्विन बर्फावर संसार मांडत नाही. त्याला हवा वाळूचा, गोट्यांचा किंवा गवताळ चिखलाचा सपाट किनारा. केर्गेलेन, क्रोझे, मॅरियन, मॅक्वारी, साउथ जॉर्जिया अशा, साधारण 45 ते 55 अंश दक्षिण अक्षांशांमधल्या बेटांवर तो राहतो.

दिसायला तो फारच देखणा. उंची जेमतेम तीन फूट, वजन बारा-पंधरा किलो. पाठ रुपेरी राखाडी, डोकं काळंभोर, कानामागे पळीच्या आकाराचा नारिंगी ठिपका. गळ्याशी तो नारिंगी रंग गडद असतो आणि खाली छातीवर उतरताना पिवळा होत होत पोटाच्या पांढऱ्यात विरून जातो, पाडाला आलेल्या हापूसवर रंग चढतो ना, तसा. खालच्या चोचीवरही नारिंगी पट्टा असतो. तो अतिनील किरण परावर्तित करतो. आपल्या डोळ्यांना ते तेज दिसत नाही, पण जोडीदार निवडताना ते या पक्ष्यांच्या कामी येतं.

आता अंड्याकडे येऊ. अंडं एकच, सुमारे तीनशे ग्रॅमचं, म्हणजे कोंबडीची पाच-सहा अंडी एकत्र केली तर होईल एवढं. घरटं नाही, काडी नाही, गवत नाही. अंडं राहतं पायांवर, आणि पोटाच्या सैल कातडीची घडी त्याच्यावर पांघरुणासारखी येते. त्या घडीच्या आत पिसं नसतात, उघडी गरम कातडी थेट अंड्याला लागते. अंडं घातल्यावर मादी समुद्रावर जाते आणि पहिली पाळी नराची. दोन-तीन आठवडे तो उभाच, पोटात अन्नाचा कण नाही, अंगावर पाऊस आणि हिमाचे शिंतोडे. शेजारीण चोच मारील एवढ्या अंतरावर उभी असते, म्हणून जागा राखायची तीही मान ताठ ठेवून.

मादी परतली की अदलाबदल होते. हा क्षण मला सगळ्यांत नाजूक वाटतो. दोघं पोटाला पोट लावून उभी राहतात. एकाच्या पायांवरून अंडं दुसऱ्याच्या पायांवर सरकवायचं, चोचीने हलकेच ढकलत. मध्ये जमीन आहे, थंडगार चिखल. अंडं घरंगळून तिथे पडून राहिलं तर आतला जीव गारठतो, शिवाय वर स्कुआ पक्षी टपलेलेच असतात.

असे सुमारे 54 दिवस जातात. शेवटच्या पाळीला पुष्कळदा नरच अंड्यावर असतो. पिल्लू बाहेर आलं आणि मादीला उशीर झाला तर? क्रोझे बेटांवर संशोधकांना याचं उत्तर सापडलं. नर समुद्रातून येताना पोटात मासे घेऊन येतो आणि स्वतः न पचवता ते तीन आठवड्यांपर्यंत ताजे ठेवतो. त्याच्या जठरात जंतूंना मारणारं एक प्रथिन तयार होतं. स्फेनिसिन असं त्याला नाव दिलं आहे. म्हणजे बाप उपाशी आहे, अंगातली चरबी जळते आहे, आणि पोटात पिल्लाचा डबा तसाच राखून ठेवलेला आहे.

पिल्लू महिनाभर पायांवर वाढतं. मग त्याच्या अंगावर दाट तपकिरी लोकर येते. जुन्या खलाशांना ही पिल्लं वेगळ्याच जातीचे पक्षी वाटली होती, इतकी ती आईबापांपेक्षा निराळी दिसतात. आता आई आणि बाप दोघंही अन्नाला जातात आणि पिल्लं थव्याथव्याने एकमेकांना चिकटून उभी राहतात.

अन्न जवळ नाही. क्रोझेच्या पेंग्विनांना तीनशे-चारशे किलोमीटर दक्षिणेला जावं लागतं, जिथे दक्षिण ध्रुवाकडचं थंड पाणी उत्तरेकडच्या उबदार पाण्याखाली शिरतं. तिथे अंगावर उजेडाचे ठिपके असलेले छोटे कंदीलमासे मिळतात. त्यांच्यासाठी हा पक्षी शंभर मीटरहून खोल बुडी मारतो, कधी तीनशेच्याही पुढे. समुद्र तापला की ही सीमारेषा दक्षिणेला सरकते, वाट लांबते आणि पिल्लाची भूकही. क्रोझेमधल्या कोशों बेटावर 1980 च्या दशकात सुमारे पाच लाख जोड्या होत्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यातल्या जवळजवळ 90 टक्के नाहीशा झाल्याचं दिसलं. हा आकडा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकलो नाही.

आपल्याकडे मिरगाचा पाऊस पडतो तेव्हा तिथे कडाक्याचा हिवाळा असतो. मासे आणखी दूर जातात, आईबाप महिनोन् महिने येत नाहीत. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत पिल्लू नुसतं उभं असतं, उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर. पाच महिने उपास काढलेल्या पिल्लांचीही नोंद आहे. कितीतरी पिल्लं वजन निम्म्याहून खाली आणून जगतात, आणि उशिरा जन्मलेली बरीचशी वसंत पाहत नाहीत. अंड्यापासून पिल्लू समुद्रात उतरेपर्यंत वर्ष सरतं, लग्नाची तयारी धरली तर चौदा महिने. म्हणून राजा पेंग्विनला दरवर्षी पिल्लू वाढवता येत नाही. तीन वर्षांत दोन झाली तरी खूप.

मग सप्टेंबर येतो. भरल्या पोटाने आई पाण्याबाहेर पडते. समोर हजारो तपकिरी पिल्लं, सगळी सारखी, आणि कान किटतील असा गोंगाट. ती शेवटी ज्या जागी पिल्लाला भरवलं होतं तिथे जाते, मान उंचावते आणि साद घालते. पिल्लाला तिचा आवाज ओळखायला सेकंदाचा पाव भागही पुरतो, आणि भोवतालचा कल्लोळ त्या सादेपेक्षा मोठा असला तरी चालतं. गर्दीतून एकच तपकिरी डोकं वर होतं, शीळ घालतं, आणि रोडावलेलं ते पिल्लू इतरांना ढकलत, अडखळत धावत सुटतं. आई पुन्हा साद घालते. पिल्लू पोहोचतं, तिची चोच टोचू लागतं, आणि ती मान वाकवून तोंड उघडते.