शेजारच्या दुकानाचं शटर

(जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त नागपुरात फोटो व्यावसायिकांच्या सभेत दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून इथे दिलं आहे.)

मंडळी, नमस्कार. 1839 साली 19 ऑगस्टलाच फ्रान्स सरकारने दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगाला खुली केली, म्हणून आपण आजचा दिवस पाळतो. दरवर्षी कॅमेऱ्याला हार घालतो, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देतो, जेवतो आणि घरी जातो. यंदा अध्यक्षांनी मला बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, काकाजी, बोलतो, पण दुकानाबद्दल बोलीन. ते म्हणाले, बोल.

गेल्या दिवाळीनंतर आपल्या महाल भागातल्या एका सभासदाने शटर ओढलं, ते परत वर गेलं नाही. तीस वर्षांचं दुकान. मला कळलं तेव्हा बोर्ड उतरून झाला होता. बोर्डाखालच्या भिंतीचा तेवढाच चौकोन पांढरा राहिला होता, बाकी सगळी भिंत धुराने काळी. मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. ते म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं दुकानातून लाइटबिलसुद्धा निघत नव्हतं. पण सांगू कोणाला? सभेत विचारलं की सगळेच म्हणतात, बरं चाललंय. मीही तेच म्हणत होतो." त्या सभेत मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होतो. त्या वर्षी माझंही बरं चाललेलं नव्हतं आणि मीही बरं चाललंय म्हणूनच सांगितलं होतं.

ते मला अजून खुपतं. संघटना कशासाठी असते, याचं उत्तर मी तिथून शोधायला लागलो.

आधी धंद्याचं काय झालं ते बघू. जपानच्या कॅमेरा कंपन्यांची एक संघटना आहे, ती दर महिन्याला आकडे जाहीर करते. 2010 साली त्या कंपन्यांनी जगभर 12 कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले. 2020 साली तोच आकडा 90 लाखांच्या आत आला. खिशातला छोटा कॅमेरा मोबाइलने खाल्ला, हे आपण सगळे जाणतो. पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. 2020 मध्येच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांनी आरसावाल्या डीएसएलआरला मागे टाकलं, आणि 2024 मध्ये एकूण आकडा आदल्या वर्षापेक्षा थोडा वर गेला. म्हणजे कॅमेरा घेणारा माणूस कमी झालाय, पण जो घेतो तो महाग घेतो आणि विचारून, पारखून घेतो. बघा, एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्या आपला आकडा एका टेबलावर ठेवतात. आणि आपण सीताबर्डीच्या बाजारात समोरासमोर दुकानं असून गेल्या महिन्यात किती प्रिंट निघाल्या ते एकमेकांना सांगत नाही.

फोटोचंही तसंच झालं. पासपोर्टसाठी फोटो आता सेवा केंद्रातच काढतात. आधारचा फोटो केंद्रावर. माझ्या दुकानात एके काळी जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या फॉर्मांसाठी रांग दाराबाहेर जायची. ती रांग गेली. पण पासपोर्टला चार वर्षांखालच्या लेकराचा फोटो आजही आईबापांनाच न्यावा लागतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. ते लेकरू कॅमेऱ्याकडे बघायला तयार नसतं, त्यासाठी बसण्याची हातोटी लागते. नागपूरची पोरं शिकायला बाहेर जाऊन राहिली आहेत. अमेरिकेच्या व्हिसाचा फोटो दोन बाय दोन इंच, चेहरा फोटोच्या 50 ते 69 टक्के, चष्मा काढून. शेंगेन देशांना 35 बाय 45 मिलिमीटर, चेहरा 70 ते 80 टक्के. हे ज्याला पाठ आहे त्याच्याकडे गिऱ्हाईक धरमपेठेतून इतवारीला येतं आणि फोटो परत आला नाही की चार जणांना सांगतं. सगळ्या देशांची मापं एका लॅमिनेट केलेल्या कागदावर छापून प्रत्येक सभासदाच्या काउंटरवर चिकटवायला संघटनेला खर्च किती? मागच्या वार्षिक जेवणात जेवढ्याचं आइस्क्रीम उरलं, तेवढा. तरी हे काम अजून झालेलं नाही, आणि ते मला लागतं.

आता तुम्ही म्हणाल, खरा मार ऑनलाइनचा आहे. आहेच. पोरगा येतो, अर्धा तास लेन्स लावून बघतो, ऑटोफोकस, वजन, सगळं विचारतो. मी विचारतो, "देऊ का बाळा?" तो म्हणतो, "बस पाहून राहिलो काका." आणि आठवड्याने तीच लेन्स गळ्यात घालून लग्नात भेटतो. राग यायचा. आता येत नाही, कारण मला एक गोष्ट उमगली. किमतीच्या भांडणात एकटा दुकानदार जिंकत नसतो. पण ती लेन्स त्या पोराला वर्षातून चारच दिवस लागणार होती. त्याला ती विकायची कशाला? भाड्याने द्यायची.

आपण कुठे बसलो आहोत ते बघा. पेंच एका बाजूला, ताडोबा एका बाजूला, उमरेड-कऱ्हांडला तर शेजारीच. ताडोब्यात सफारीला मोबाइल नेता येत नाही. म्हणजे पुण्या-मुंबईहून इथे उतरणाऱ्या माणसाला ज्याला वाघ टिपायचाय, त्याला कॅमेरा लागतोच, आणि लांब लेन्स लागते. 150-600 किंवा 100-400 एमएमची लेन्स कोणी विमानात उगाच वागवत नाही. पाच दुकानांनी पाचही लेन्स घेऊन ठेवायच्या म्हणजे पाच जणांचा पैसा अडकून पडतो. त्यापेक्षा एकाने एक, दुसऱ्याने दुसरी घ्यावी, आणि गिऱ्हाईक ज्याच्याकडे येईल त्याने शेजाऱ्याची लेन्स मागवून द्यावी. भाड्याचा वाटा ठरलेला, अनामत ठरलेली, ओळखपत्राची प्रत ठरलेली, आणि देताना काचेचा, माउंटचा (लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या कडीचा), सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवलेला. आम्ही सहा जण हे दोन हिवाळे करतो आहोत. भांडण एकदाच झालं, लेन्सच्या तोंडावरचं हुड हरवल्यावरून, आणि ते चहावर मिटलं. एवढ्यावर दुकान चालत नाही, पण डिसेंबर-जानेवारीचं भाडं निघतं.

आता दुरुस्तीचं. माझ्या मते आपली खरी ठेव तीच आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो.

आपल्याकडचा पावसाळा लेन्सला वाईट. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि जूनच्या शेवटी एकदम दमट. लेन्स चामड्याच्या जुन्या पाकिटात, कपाटात, अंधारात पडून राहिली की बुरशी धरतेच. टॉर्च मागून मारला की दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून आत सरकणारी. लवकर लक्षात आली तर पुसून जाते. उशीर झाला तर ती काचेवरचं कोटिंग खाते, आणि मग कोणीच काही करू शकत नाही. गिऱ्हाइकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा म्हटलं की लेन्स कुरिअरने मुंबईला, तीन आठवडे, आणि बिल बघून माणूस म्हणतो, राहू द्या.

आपल्या गावात हे काम हाताने करणारे कारागीर बोटावर मोजण्याइतके उरलेत. त्यातल्या एका काकांकडे मी गेल्या पावसाळ्यात बसलो होतो. जिना चढून वरच्या खोलीत, खिडकीजवळ टेबल, टेबलावर पांढरं सुती कापड, कारण काळ्या कापडावर पडलेला स्क्रू सापडत नाही. त्यांनी 50 एमएमची एक लेन्स उघडली. जसजसं काढलं तसतसं डावीकडून उजवीकडे मांडत गेले, आणि प्रत्येक रिंग काढण्याआधी पेन्सिलने बारीक खूण. फोकसिंगचा हेलिकॉइड, म्हणजे लेन्स पुढे-मागे सरकवणारी आट्यांची नळी, काढताना थांबले. म्हणाले, "इथे चूक झाली तर लेन्स बसते पण अनंतावर फोकस जात नाही. हे धागे कुठे सुटले ते लक्षात ठेवायचं. पुस्तकात नाही लिहिलेलं." काच पुसताना मधून बाहेर, गोल गोल, आणि एका कागदाने एकदाच. त्यांना मी विचारलं, हे शिकायला कोणी येतं का? म्हणाले, एक मुलगी यायची, तिच्या घरी कोणी तरी म्हटलं, यात काय ठेवलंय, मोबाइल रिपेअरिंग शीक.

ते हात गेले की ती विद्या जाईल. संघटनेने दरवर्षी प्रदर्शनातल्या स्टॉलवर जेवढं भाडं भरलं, तेवढ्यात या काकांना वर्षभर मानधन देता आलं असतं. मी मोठ्या प्रदर्शनांच्या विरोधात नाही. पण जगाचं बघा. जर्मनीत कोलोनला 1950 पासून फोटोकिना भरायचं, आपल्या धंद्याची जत्राच होती ती. 2018 नंतर ते भरलंच नाही. जत्रा मोडली, पण बिघडलेला शटर घेऊन येणारा माणूस अजून दारात उभा आहे.

यातच जुन्या मालाचा धंदा येतो. नव्या कॅमेऱ्याच्या किमती वाढल्या, त्यामुळे नवीन पोरं सेकंडहँड घेतात, बहुतेक अनोळखी माणसाकडून, मोबाइलवर बोलणं करून, पेट्रोल पंपावर भेटून. तिथे त्याला कॅमेऱ्याचा शटर किती वेळा पडलाय, म्हणजे किती फोटो काढून झालेत, ते कोण सांगणार? आपण सांगू शकतो. मी एकाच पद्धतीने बघतो: शटर काउंट, सेन्सरवर डाग, माउंट ढिला आहे का, टॉर्चखाली लेन्स, बॅटरी फुगलीये का, आणि सिरियल नंबर बिलाशी जुळतो का. मग लिहून देतो आणि तीन महिन्यांची जबाबदारी घेतो. हा कागद प्रत्येक सभासदाकडे एकसारखा असावा, एवढंच माझं मागणं आहे.

सिरियल नंबरवरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका लॉनवर लग्नात आपल्या एका पोराची बॅग गेली. दोन कॅमेरा बॉडी, तीन लेन्स, सगळं ईएमआयवर. त्याने रात्री पोलिसांत तक्रार दिली आणि आपल्या ग्रुपवर नंबर टाकले. पाचव्या दिवशी सदरमधल्या आपल्या सभासदाकडे एक जण बॉडी विकायला आला. त्यांनी घाई केली नाही. "बसा, चार्जर आहे का बघतो" म्हणून आत गेले, नंबर ताडून पाहिला, पोलिसांना फोन केला. एक बॉडी आणि दोन लेन्स परत मिळाल्या. तो पोरगा माझ्या दुकानात येऊन रडला. आज तो आपला सभासद आहे, मागे तिसऱ्या रांगेत बसलाय. वर्गणीच्या पावतीने तो आला नसता.

कायद्याचं थोडक्यात बोलतो, कारण वेळ होतोय. पण एक गोष्ट कान देऊन ऐका. आपल्यातले बरेच जण समजतात, फोटो मी काढला म्हणजे माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क त्या सांगणाऱ्याचा. म्हणजे नवरीचा फोटो विचारल्याशिवाय शोकेसमध्ये लावला किंवा इन्स्टाग्रामवर टाकला, तर आपण चुकतो. आणि मुलीच्या फोटोवरून घरच्यांचं मन दुखावलं तर ते कायद्यापेक्षा मोठं आहे. म्हणून ऑर्डर घेतानाच एका पानाचा मराठी फॉर्म: बयाणा किती, अल्बम किती दिवसांत, निवड कळवायला उशीर झाला तर काय, कच्चा डेटा किती महिने ठेवणार, आणि फोटो दाखवायला परवानगी आहे की नाही, सहीसकट. ज्याच्याकडे हा फॉर्म आहे त्याचे पैसे बुडत नाहीत, असं मी म्हणत नाही. पण मागताना त्याच्या हातात काहीतरी असतं.

तसंच ड्रोनचं. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, थोडे अपवाद सोडून. विमानतळाच्या भोवती रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी असलेला भाग, आहे, आणि आपल्याकडे वायुसेनेचं ठाणंही आहे. लग्नवाले आग्रह करतात, आपण उडवतो, आणि अडकतो आपला ऑपरेटर पोरगा. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या संकेतस्थळावर नकाशा बघायला पाच मिनिटं लागतात. जीएसटीचंही तेच. डिजिटल कॅमेऱ्यावर 2017 मध्ये 28 टक्के होता, 1 जानेवारी 2019 पासून 18 झाला. त्या महिन्यात काही दुकानांत जुन्याच दराचं बिल फाटत होतं, कारण कोणी कळवलंच नाही. असा एक संदेश वेळेवर आला तरी सभासदाची वर्षाची वर्गणी वसूल होते.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत, तेव्हा शेवटचं.

दुकान बंद केलेल्या महालातल्या त्या सभासदाकडे मी मागच्या महिन्यात परत गेलो. त्यांच्या माळ्यावर पत्र्याच्या सात पेट्या निगेटिव्ह आहेत. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांचे फोटो, प्रत्येक पाकिटावर तारीख आणि नाव. त्यांना मी विचारलं, दुकान नाही, पण स्कॅनिंगचं काम घरून कराल का? ज्यांच्याकडे जुना फोटो फाटला, त्यांची निगेटिव्ह कदाचित याच पेटीत असेल. ते बराच वेळ गप्प होते. मग उठून त्यांनी एक पाकीट काढलं, निगेटिव्ह उजेडाला धरली आणि म्हणाले, "हिचा नातू आता येऊन माझ्याकडे मागेल का?" मी म्हटलं, आपण विचारून बघू.

सहा दुकानांनी मिळून एक स्कॅनर घेतला आहे, तो त्यांच्या घरी ठेवला आहे. तुमच्याकडे जुन्या फोटोचं काम आलं तर त्यांच्याकडे पाठवा. आणि येत्या रविवारी सकाळी दहाला दुरुस्तीवाले काका आपल्या ऑफिसात बसणार आहेत. बारा जणांपुरतीच जागा आहे, स्वतःची एक जुनी लेन्स आणि टॉर्च घेऊन या. दाराजवळ वही ठेवली आहे. पहिलं नाव त्या मुलीचं आहे, जिला घरच्यांनी यात काय ठेवलंय म्हटलं होतं. ती परत आली आहे. तिच्या खाली अकरा ओळी रिकाम्या आहेत.