विषाणू, प्रयोगशाळा आणि सांडपाण्याची पाइपलाइन

मंडळी, महासाथ आणू शकतील अशा विषाणूंवर प्रयोग करावेत की नाही, हा आजचा विषय. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी मला सांडपाण्याच्या पाइपबद्दल बोलायचंय, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आपल्या पुण्यात, पाषाणला २०१२ साली देशातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सर्वांत घातक विषाणूंसाठीची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा सुरू झाली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. अशा ठिकाणी आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी वारा आतच ओढला जातो. पाणी निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. शाळेच्या मुलांनाही हे ऐकायला आवडतं. पण त्या यंत्रणेची देखभाल कोण करतं, असा प्रश्न कुणी विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

आता इंग्लंडमधल्या पिरब्राइटचं ऐका. २००७चा ऑगस्ट. जवळच्या एका शेतातल्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. विषाणू तपासला, तर तो १९६७ सालचा, फक्त प्रयोगशाळांतच जपून ठेवलेला! पिरब्राइटच्या आवारात एक सरकारी संस्था आणि एक खासगी लस कंपनी, दोघांचं सांडपाणी एकाच जुन्या पाइपमधून शेवटच्या टाकीकडे जायचं. खरं निर्जंतुकीकरण त्या टाकीत. पाइपला भेगा, मॅनहोल खिळखिळी, त्यात जुलैचा धो धो पाऊस. आवारात बांधकाम चालू होतं, पाइपमधून गळलेला विषाणू चिखलात मिसळला, तो चिखल ट्रकच्या चाकांना लागून रस्त्यावर गेला असावा, असं चौकशीत निघालं. पाइप खराब आहे, हे आधीपासून माहीत होतं. पैसे कुणी भरायचे, यावर मात्र एकमत होत नव्हतं. हसताय ना? तुमच्या सोसायटीत ड्रेनेजच्या खर्चावरून झालेली मीटिंग आठवली असणार.

आणि हे एकटं उदाहरण नाही. १९७८ साली इंग्लंडमधल्याच बर्मिंगहॅममध्ये देवी रोगाच्या विषाणूवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावरची छायाचित्रकार देवी रोगानं गेली. २००४ मध्ये बीजिंगच्या प्रयोगशाळेतून सार्स या श्वसनाच्या आजाराचा विषाणू बाहेर आला आणि तिथे काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची आई दगावली. आपल्याकडे १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधला. पुढे त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांतल्या माणसांनाही तो ताप आला. तोच माकडताप आज सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात गोचिडीतून पसरतोय. ही माणसं धोका पत्करून काम करत होती, म्हणून आपल्याला तो आजार ओळखता येतो. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं आहेत. तर मूळ प्रश्न. २०११मध्ये रॉटरडॅम आणि विस्कॉन्सिनच्या दोन गटांनी बर्ड फ्लूच्या विषाणूत बदल करून तो फेरेट या प्राण्यांमध्ये हवेतून पसरेल असा केला. निसर्गात असा विषाणू तयार होऊ शकतो का, हे बघणं हा हेतू. जगभर वाद झाला. अमेरिकेनं अशा काही प्रयोगांचं अनुदान २०१४ ते २०१७ थांबवलं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. आढळलेल्या विषाणूचा अभ्यास हवाच. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्या, त्या आपल्या शास्त्रज्ञांनी शोधल्या म्हणूनच. पण विषाणूला मुद्दाम अधिक पसरणारा करायचा असेल, तर संशोधन करणाऱ्यांचा आणि पैसे देणाऱ्यांचा संबंध नसलेल्या समितीनं आधी परवानगी द्यावी, आणि प्रयोगाशिवाय तीच माहिती मिळत असेल तर सरळ नाही म्हणावं.

दुसरी मागणी छोटी आहे. अशा प्रत्येक प्रयोगशाळेनं दरवर्षी अपघातांची यादी जाहीर करावी: सुई टोचली, हातमोजा फाटला, झडप बिघडली, पाइप गळला. चूक सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असं लेखी द्यावं. खर्चाच्या तक्त्यात देखभालीचा आकडा वेगळा दाखवावा. तो तक्ता मागण्याचा हक्क पुणेकरांना आहे, आणि मी तो मागणार आहे.

आता प्रश्न घेऊया.