बोडका मनीप्लांट कापायचा कुठे?

नमस्कार मंडळी, आज मनीप्लांटबद्दल बोलूया. आपल्याकडच्या घरांत पडवीत उजेड असतो पण माजघरात दिवसासुद्धा लाईट लावावी लागते, आणि तिथल्या कपाटावर ठेवलेला मनीप्लांट खिडकीकडे लांबच लांब पळतो, दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, मुळाशी सगळा बोडका आणि टोकाला चार पानं. लोक म्हणतात खत कमी पडलं. खत नाही हो, उजेड कमी पडलाय. कुंडी खिडकीजवळ सरकवा, आणि वेल बिनधास्त कापा.

कापायचं कुठे ते मात्र नीट बघा. पानाचा देठ वेलाला जिथे चिकटतो ते पेर, बारीक तपकिरी मूळ तिथेच डोकावत असतं आणि नवा कोंबही तिथूनच येतो, म्हणून पेराच्या खाली बोटभर जागा सोडून कापायचं. नुसतं पान बाटलीत ठेवलंत तर महिनोन्महिने हिरवं राहील, कधी मुळंही सोडेल, पण त्याचा वेल काही व्हायचा नाही. ज्यांनी पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, मिरवेल चढवलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, मिरीचे छाटसुद्धा आपण पेरं बघूनच घेतो ना? आणि तो मधला बोडका भाग फेकू नका बरं का, पान नसलं तरी पेरात डोळा झोपलेला असतो, तो फुटतो, फक्त वेळ लागतो.

कापलेला छाट पाण्याच्या बाटलीत ठेवा, एक पेर पाण्यात बुडलं पाहिजे, पाण्यात जाणारं पान काढून टाका नाहीतर कुजतं. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलाच, बाटली आतून घासून, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

मुळं दोन इंच झाली की मातीत लावा. नारळाचा काथ्या मिसळत असाल आणि सोडणं, म्हणजे नारळाची सालं, खाडीत कुजवलेली असतील तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, त्यातलं मीठ कोवळ्या मुळांना सोसत नाही. पावसाळा यासाठी उत्तम, हवेत दमटपणा असतो, पण कुंडी पागोळ्यांखाली नको, गेल्या पावसात माझे दोन छाट तिथेच कुजले. उरलेले मी जुन्याच कुंडीत खोचले, जुन्या बुंध्यालाही नवे फुटवे आले, आता कुंडीची माती दिसत नाही इतकी ती भरलीय.