पोस्ट केलेला डेटा वाटेत कुठे गळतो?

फॉर्मवर सबमिट दाबलं, पान बदललं आणि सर्व्हरवरच्या पीएचपी स्क्रिप्टमध्ये पोस्ट ॲरे (फॉर्ममधून आलेला डेटा पीएचपी ज्यात ठेवते ती यादी) रिकामा. अशा वेळी बहुतेक जण लगेच स्क्रिप्ट उकरायला घेतात. तसं करू नका. डेटा ब्राउझरमधून निघाला का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्क्रिप्टच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही.

एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा. नाहीतर पान बदलताच आधीच्या नोंदी पुसल्या जातात. आता फॉर्म पाठवा आणि त्या रिक्वेस्टचा पेलोड, म्हणजे पाठवलेला डेटा, बघा.

फील्ड तिथंच नसेल तर दोष एचटीएमएलचा. बहुधा इनपुट टॅगमध्ये आयडी लिहिलेला असतो, नेम नसतो. लेबल आणि सीएसएस आयडीवर चालतात, म्हणून फॉर्म दिसायला ठणठणीत. सर्व्हरकडे मात्र नेमच जातं. डिसेबल्ड फील्डही जात नाही. रक्कम दिसावी पण बदलता येऊ नये, तर रीडओन्ली वापरा. (अर्थात रीडओन्ली म्हणजे सुरक्षा नव्हे, रक्कम सर्व्हरवर पुन्हा तपासायचीच.) टिक नसलेला चेकबॉक्स रिकामासुद्धा जात नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये इसेट (फील्ड आलंय का ते तपासणारी सोय) हवा.

पेलोड बरोबर आहे, तरी ॲरे रिकामा? मग यादीतल्या ओळी नीट वाचा. पोस्ट, स्टेटस ३०१ किंवा ३०२ (म्हणजे रिडायरेक्ट, दुसऱ्या पत्त्यावर पाठवणी), आणि लगेच खाली गेट असेल तर चोर सापडला. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये पत्ता एचटीटीपीचा आहे आणि सर्व्हर एचटीटीपीएसकडे ढकलतोय, नाहीतर फोल्डरच्या नावाच्या शेवटचा स्लॅश राहिलाय. अशा रिडायरेक्टनंतर ब्राउझर पोस्टचा गेट करतो आणि बॉडी, म्हणजे सोबतचा डेटा, टाकून देतो. ३०७ आणि ३०८ हे रिडायरेक्ट पोस्टचा पोस्टच ठेवतात, पण सरळ उपाय म्हणजे ॲक्शनमध्येच अंतिम पत्ता लिहिणं.

फोटो जोडला की नाव-गावसुद्धा गायब होतं, ही तक्रार वेगळी. पीएचपीच्या 'पोस्ट-मॅक्स-साइझ' या सेटिंगची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्या डेटाची) मूळ मर्यादा ८ एमबी. ती ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे रिकामे येतात, इशारा एरर लॉगमध्ये शोधा. 'अपलोड-मॅक्स-फाइलसाइझ'ची (एका फाइलची) मर्यादा मुळात २ एमबी. ती ओलांडली तर नुसती फाइल नाकारली जाते, एरर कोड १ मिळतो, बाकीची फील्डं सुखरूप पोचतात. म्हणजे काय गायब झालं यावरूनच कुठली मर्यादा आड आली ते कळतं. फाइलऐवजी नुसतं तिचं नाव आलं, तर फॉर्म टॅगमध्ये एनकटाइप मल्टिपार्ट करायचं राहिलंय. मर्यादा वाढवूनही फरक नसेल तर पीएचपी-इन्फोत (पीएचपीची सगळी सेटिंग्ज दाखवणाऱ्या पानात) कुठली आयएनआय, म्हणजे सेटिंग्जची फाइल, लोड झालीय ते बघा. पुष्कळदा भलतीच बदललेली असते.

फॉर्मऐवजी जावास्क्रिप्टच्या फेचने जेसन स्वरूपात डेटा पाठवत असाल तर पोस्ट ॲरे रिकामाच राहणार. पीएचपी तो फक्त यूआरएल-एनकोडेड (साध्या फॉर्मचं नेहमीचं स्वरूप) आणि मल्टिपार्ट बॉडीतून भरते. जेसन हवं तर इनपुट स्ट्रीम, म्हणजे रिक्वेस्टची कच्ची बॉडी, वाचून डीकोड करा.