सूचीत नसलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दसरा झाला की आमच्या वाचनकक्षातली काही बाकं रिकामी पडायला लागतात. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि त्यांच्याबरोबर मुलंमुलीही ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. परत येतात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. परीक्षा तर त्यांनाही द्यायची असते. ग्रंथालय मात्र सकाळी दहाला उघडतं आणि संध्याकाळी पाचला बंद होतं, तेही शेकडो किलोमीटर लांब.

व्हॉट्सअॅपचा गट मी सुरू केला तो या मुलांसाठी. पहिले काही महिने मी नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो टाकत होते. छान दिसायचे, पण पुस्तक मागायला कुणी यायचं नाही. मग एका रात्री कोपीवरून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवरून, एका मुलीचा निरोप आला : "मॅडम, त्या पुस्तकात नेमकं काय काय आहे, तेवढंच पाठवता का?" दुसऱ्या दिवशी मी अनुक्रमणिकेच्या दोन पानांचा फोटो काढून टाकला. संध्याकाळपर्यंत त्या एका पुस्तकासाठी चार जणांनी नंबर लावला. पुस्तक तेच, कपाटही तेच. तेव्हापासून नवं पुस्तक दाखल झालं की मुखपृष्ठाआधी अनुक्रमणिका जाते.

अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ मागणारेही असतात. ती मी देत नाही, कारण लेखकाचा आणि प्रकाशकाचा हक्क असतो. पण हक्कानं वाचता येईल असं पुष्कळ आहे, आणि तिथवर मुलांना पोचवणं हे माझं काम आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात. त्याच केंद्राच्या 'एन-लिस्ट' योजनेत सभासद महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं मिळतात. त्याचा युजर आयडी कसा वापरायचा, हे मी दोन मिनिटांच्या मराठी व्हिडिओत दाखवलं. भिंतीवरची सूचना वर्षभर कुणी वाचली नव्हती. हा व्हिडिओ मुलं आपण होऊन एकमेकांना पाठवतात.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट सांगते.

आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची संगणकावर आहे, कोहा नावाच्या सॉफ्टवेअरवर. ते न्यूझीलंडमध्ये एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालं आणि २००० साली वापरात आलं. ते मोफत आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तर या सूचीत एका विद्यार्थ्यानं 'उसतोड' असा शब्द टाकला, पहिला उ ऱ्हस्व. काही सापडलं नाही. दीर्घ ऊ घालून पाहिलं, तरी नाही. वास्तविक कपाटात त्या विषयावरची पुस्तकं होती. पण त्यांचे विषय आम्ही नोंदवले होते 'स्थलांतरित मजूर' आणि 'कृषी अर्थशास्त्र' असे, आणि काही मराठी शीर्षकं तर वर्षानुवर्षं रोमन लिपीतच चढवलेली. ज्या मुलाच्या घरात कोयता आहे, त्याला त्याच्याच घरावरचं पुस्तक आमच्या सूचीत मिळत नव्हतं. मला ते फार लागलं.

कोहामध्ये वाचकाला पुस्तकाच्या नोंदीवर स्वतःचा शब्द जोडता येतो. त्याला टॅग म्हणतात. ग्रंथपालानं तपासला की तो सगळ्यांना दिसतो. ही सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच, आम्ही ती बंद ठेवली होती. ती सुरू केली. मुलांनी शब्द दिले : ऊसतोड, उसतोड, मुकादम, उचल, साखरशाळा. आमची अधिकृत विषयशीर्षकं जागेवरच आहेत, वर्गांकही, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची जागा ठरवणारे आकडेही, तेच. वाचकाचा शब्द त्यांच्या शेजारी येऊन बसला आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतलं तिसरं, 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक', मी शिकताना पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला या पाच शब्दांनी कळला.

वाचकाला ग्रंथपालापेक्षा जास्त माहीत असू शकतं, हे मोठ्या ग्रंथालयांनीही अनुभवलं आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातले तीन हजारांवर जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवले आणि लोकांना सांगितलं, तुम्हाला काही ओळखू येतं का बघा. लोकांनी माणसं ओळखली, गावं ओळखली, तारखा दुरुस्त केल्या. त्याच वर्षाच्या अहवालानुसार पाचशेहून अधिक नोंदींमध्ये या माहितीची भर पडली, आणि ती ग्रंथालयानं स्वतः पडताळून घेतली होती. हे पडताळणं सोडून चालत नाही.

माझ्या हातून एक चूकही झाली. पुस्तक परत न केलेल्यांची नावं, पुस्तकांसह, मी गटावर टाकली. त्यातल्या एका मुलीनं मानसिक आजारावरचं पुस्तक नेलं होतं. ती पुढे दोन महिने ग्रंथालयात फिरकली नाही. मी तिला भेटून माफी मागितली. कोण काय वाचतं ही त्या वाचकाची खासगी बाब आहे, आणि ती जपणं कागदी कार्डांच्या काळापासून आमचं कर्तव्य आहे. आता स्मरणपत्र जातं ते एकेकाला, वेगळं.

आणखी एक सावधगिरी. एका संकेतस्थळावर मी विषयवार दुवे लावून ठेवले होते. ते संकेतस्थळच बंद पडलं आणि सगळे दुवे गेले. म्हणून आता गटावर जे जातं त्याची प्रत ग्रंथालयाच्या संगणकावर राहते, आणि महत्त्वाचं ते वहीतही.

अमेरिकेतली ती फोटोंची गोष्ट वाचून आम्हीही महाविद्यालयाचे जुने फोटो कपाटातून काढले आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटावर टाकले. बहुतेकांची नावं मिळाली. एका फोटोची अजून मिळालेली नाही. रेडिओवर तो दाखवता येत नाही, म्हणून सांगते. मागे शाई पुसट झालेला १९७४ हा आकडा आहे. देवघेव काउंटरपाशी तीन मुली उभ्या आहेत, नऊवारी नेसलेल्या एक बाई त्यांना रजिस्टर दाखवताहेत. मधल्या मुलीच्या दोन्ही वेण्यांना रिबिनी आहेत, आणि तिनं एक जाड पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं आहे. त्या तिघींपैकी कुणी, किंवा त्यांना ओळखणारं कुणी आत्ता ऐकत असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. ते माझ्यापर्यंत पोचेल.

नमस्कार.