आमच्यानंतर काय, ते आमच्यासमोरच बघायचं

(गोव्यात डिचोलीला दिव्यांग मुलांच्या पालकांच्या एका बैठकीत केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. माईक जरा खाली घ्या हो, मी बुटकी आहे. हां, आता बरं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, वकील तर नाहीच, प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आता रिटायर झालेय. माझा धाकटा मुलगा 29 वर्षांचा, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनची स्थिती, शिकणं-समजणं सावकाश होतं. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण आज सकाळी त्याने मला विचारलं कुठे चाललीस, मी म्हटलं तुझ्याबद्दल बोलायला, तर म्हणाला बोल पण नाव घेऊ नको, मला सगळे ओळखतात. त्यामुळे ओळखणाऱ्यांनी गप्प बसावं.

आपण पालक भेटलो की दहा मिनिटांत एकच प्रश्न निघतो, आमच्यानंतर याचं काय. आणि हा प्रश्न आपल्याच पिढीला जास्त पडलाय त्याला कारण आहे. अमेरिकेतले आकडे आहेत, डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य 1983 मध्ये 25 वर्षांच्या आसपास होतं, आता ते 60 च्या आसपास गेलंय, हृदयाची ऑपरेशनं लवकर होतात हे त्याचं मोठं कारण. म्हणजे पूर्वी आईबाप मागे राहायचे, आता मुलं राहणार. चांगलीच गोष्ट आहे, पण तयारी कुणाचीच नाही.

आम्ही काय तयारी केली होती? पैसे. एफडी, विमा, थोडं सोनं, आणि आमच्या यजमानांचं ठरलेलं वाक्य, घर त्याच्या नावावर करून टाकू. एकदा मला ताप आला म्हणून चार दिवस झोपून होते तेव्हा लक्षात आलं की या मुलाच्या नावावर एफडी आहे पण याला दाराची कडी आतून लावता येत नाही, कारण मी कधी लावूच दिली नाही. बरी झाल्यावर एक दिवस मी नुसतं लिहून काढलं, मी त्याच्यासाठी काय काय करते, दुपारपर्यंत पान भरलं, त्यात पहिली ओळ अशी की ब्रशवर पेस्ट लावून देते. 26 वर्षांचा होता तेव्हा. मी शाळेत सहा वर्षांच्या पोरांना दप्तर स्वतः भरा म्हणून ओरडणारी बाई.

मग सुरुवात केली ती पोदेरापासून, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्यापासून. सकाळी पोंप पोंप आवाज आला की मी धावायचे, ते बंद केलं. वीस रुपयांची नोट त्याच्या हातात, चार उंडे, म्हणजे पाव, आणायचे, बस. पहिल्या आठवड्यात एकदा पोदेर निघून गेला, एकदा हा नोट देऊन तसाच परत आला, आम्ही पावाशिवाय चहा प्यालो, कोणी मेलं नाही. आता त्याची आणि पोदेराची फुटबॉलवरून रोज वादावादी चालते, मला त्यातलं काही कळत नाही. मग स्वयंपाक, गॅस नको म्हणून इंडक्शन आणलं, कुकर नाही, कुकरच्या शिट्टीला तो घाबरतो, तर पातेल्यात पेज आणि उकडलेली अंडी, आणि आठवड्यातून दोनदा वाड्यावरच्या काकीकडून येणारं हुमण, म्हणजे माशांची आमटी. पुरे झालं की. माणसाला रोज पाच पदार्थ लागतात हे आपल्या बायकांच्या डोक्यातलं खूळ आहे.

आता मुख्य गोष्ट सांगते. आपण "आमच्यानंतर" म्हणतो म्हणजे कसं, ज्या दिवशी आई जाते त्याच दिवशी मुलाचं घर बदलणार, जेवण बदलणार, उठवणारा माणूस बदलणार, आणि वर घरात रडारड. धडधाकट माणूससुद्धा कोलमडेल. त्यापेक्षा मी जिवंत असताना त्याने वेगळं राहून बघावं, चुकला तर मी आहे. हे मी घरी बोलले तेव्हा यजमान आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, शेजारच्या एकीने तर विचारलं, जड झाला काय गं तुला?

वाड्यावरच्या त्या काकीच्या घराची मागची बाजू रिकामी होती, दोन खोल्या, वेगळं दार, आमच्याकडून चालत सात मिनिटं. भाड्याने घेतली. चवथ, म्हणजे गणपती, झाल्यावर शनिवारची एक रात्र, मग शनिवार-रविवार. आम्ही सगळं चित्रं काढून भिंतीला लावलं होतं, दार, पंखा, इंडक्शन, गोळी (थायरॉइडची गोळी आहे त्याला, डाऊनमध्ये हा त्रास पुष्कळांना असतो, वर्षातून एकदा टेस्ट करून घ्या). आणि तिसऱ्या की चौथ्या रात्री, ऑक्टोबरातला तो गडगडाटी पाऊस, लाईट गेली. लाईट गेली तर काय करायचं हे भिंतीवर नव्हतंच! गोव्यात राहून हे विसरले मी. फोन केला, उचलेना. यजमान छत्री शोधायला लागले, मी म्हटलं दहा मिनिटं थांबा, ती दहा मिनिटं मी कशी काढली माझं मला माहीत. मग निघालोच. खोलीत अंधार, हा नाही. काकीच्या पडवीत मेणबत्ती लावून तिघं जण पत्ते खेळत बसले होते, त्यात हा, आणि आम्हाला बघून म्हणतो कसा, तुम्ही कशाला आलात? तेव्हापासून मी चित्रांवर कमी आणि शेजारावर जास्त भर देते. ज्या घराला पडवी आहे आणि पडवीत बसणारं कोणी आहे, तिथे खोली बघा. लांबचा मोठा फ्लॅट काय कामाचा.

मुलगी पुण्याला असते. आम्ही गृहीत धरलं होतं की पुढे तीच बघणार, तिला विचारलं कुणीच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, मी त्याची ताई आहेच, हिशेब बघेन, महिन्यातून येईन, पण मला त्याची आई करू नका. मला रात्रभर वाईट वाटलं, सकाळी वाटलं की बरोबरच बोलली. विचारा भावंडांना, स्पष्ट विचारा.

कागदांचं आता भराभर सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर ते आधी. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यातली निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची, थेरपीसुद्धा त्यात येते. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बँकेत गेल्यावर कळतं. पालकत्वाचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा, कलेक्टर, नोंदणी असलेल्या संस्थेचा एक माणूस आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघं असतात. नेमला गेलेला पालक म्हणजे मालक नव्हे, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पण अर्जाआधी विचार करा की खरंच गरज आहे का, कारण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो की या माणसांनाही मालमत्ता ठेवायचा, पैशाचे व्यवहार करायचा इतरांसारखाच हक्क आहे, आणि त्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्याच्याशी बोलून. एका बँकेत, नाव घेत नाही, साहेबाने मुलासमोरच मला विचारलं, याला समजतं काय? हा म्हणाला, समजतं, तुम्ही मला विचारा. खातं उघडलं. त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे टाकतो, फसला तर तेवढेच जातील. सरकारी नोकरीवाल्यांनी अपंग मुलाचं नाव कौटुंबिक पेन्शनसाठी पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, हयातीतच चढवून घ्यावं, मागाहून पोराला खेपा मारायला लावू नका.

आणि ते घर नावावर करायचं प्रकरण. बाहेरच्या व्हिडिओंवर जाऊ नका, आपल्या गोव्याचा कायदा वेगळा आहे, पोर्तुगीज काळातला, वारशाचा भाग आता 2012 च्या कायद्यात आलाय. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी निम्मी, एकट्याने घर विकता येत नाही. आणि मृत्युपत्रात स्वतःच्या वाट्यातला फक्त अर्धा भाग मनासारखा देता येतो, उरलेला अर्धा मुलांचा राखीव, मुलगा-मुलगी समान. म्हणजे आमच्या यजमानांचं वाक्य कायद्यात बसतच नव्हतं, आणि वाटणीच्या कागदावर मुलीबरोबर जावयाची सहीसुद्धा लागणार. तेव्हा मनासारखा देता येतो तो अर्धा भाग मृत्युपत्राने धाकट्याला द्यायचा, आणि बाकीचं सगळ्यांनी एका टेबलावर बसून ठरवायचं. जावयाला आम्ही जेवायलाच बोलावलं, सुंगटांची (कोळंबीची) कढी केली, मग विषय काढला.

शेवटचं एकच. मी एक वही केलीय, त्याचं औषध, डॉक्टर, कोणता आवाज सहन होत नाही, दुखत असलं की बोलत नाही पण कान ओढतो, असं सगळं, कारण ते फक्त माझ्या डोक्यात होतं. झेरॉक्स आणलेत, त्या खुर्चीवर आहेत, न्या. त्यातलं शेवटचं पान मात्र कोरं आहे, ते मुलाला विचारून भरायचं. आमच्या मुलाने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलंय: आंघोळ रात्री. मासे काटे काढून नको, मी काढतो. आई आली तर बेल मारायची, आणि फ्रीज उघडून बघायचा नाही.

प्रश्न असतील तर लवकर विचारा, माझी बस साडेसहाची आहे.